दूरच्या शहरातलं भाड्याचं घर: डागडुजी आणि कारभार लांबून कसा सांभाळावा

भाड्याने द्यायचं घर आपण राहतो तिथून शेकडो किलोमीटर लांब असलं की मालक सगळ्यांत आधी एखादा 'विश्वासू माणूस' शोधायला लागतो. तो हवाच. पण माणूस कितीही सचोटीचा असला तरी भिंतीच्या आत पाइप कुठून नेला होता हे सहा महिन्यांनी त्यालाही आठवत नाही. म्हणून मी भर देतो तो कामाच्या आखणीवर. काम असं आखायचं की टप्प्याटप्प्याला पुरावा तयार होत जाईल, आणि तो पाहिल्याशिवाय पुढचं काम सुरू होणार नाही, पुढचा हप्ताही सुटणार नाही.

यातला एक नियम मी कधीच सैल सोडत नाही: जे झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी दिसलं पाहिजे. पाइप प्लास्टरखाली जातो, वॉटरप्रूफिंग फरशीखाली जातं, वायर भिंतीत जाते. रंगाची छटा चुकली तर पुन्हा रंगवता येतं, पण फरशीखाली गळती राहिली तर फरशी फोडावी लागते आणि तोवर खालच्या घराचं छतही भिजलेलं असतं. लांबच्या मालकाने आपलं लक्ष आणि प्रवासाचा खर्च याच जागी वापरावा.

आधी हिशेब, मग हातोडा

घर एक महिना रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले साधारण 8.3 टक्के गेले. दोन महिने राहिलं तर 16.7 टक्के. हे आकडे समोर ठेवूनच डागडुजी ठरवावी. समजा, एखाद्या सुधारणेमुळे भाडं 5 टक्क्यांनी वाढणार आहे, पण तिच्यासाठी घर एक महिना जास्त बंद ठेवावं लागणार आहे. तो बुडालेला महिना भरून निघायला 20 महिने लागतात, आणि यात कामाचा खर्च अजून धरलेलाच नाही. नवं स्वयंपाकघर, खोट्या छताची सजावट, महागडे दिवे यांचे बेत या गणितात बहुतेक वेळा टिकत नाहीत. टिकतात ती कामं म्हणजे गळती थांबवणं, सुरक्षित वायरिंग, पाण्याचा नीट दाब, चांगली कुलपं, धुता येईल असा रंग.

खर्चाचा अंदाज आला की त्यावर 10 ते 15 टक्के राखीव रक्कम धरा. घर जुनं असेल, भिंती फोडायच्या असतील तर 20 टक्के. ही रक्कम कंत्राटदाराला सांगायची नसते. ती फोडाफोडीत निघणाऱ्या गंजलेल्या पाइपासाठी असते. काम चालू असताना सुचलेल्या हौसेवर ती उडवू नका.

विम्याची पॉलिसीही याच वेळी काढून वाचा. अनेक पॉलिसींमध्ये घर सलग 30 किंवा 60 दिवस रिकामं राहिलं की काही संरक्षण थांबतं, आणि मोठी डागडुजी चालू आहे हे कंपनीला आधी कळवावं लागतं. लांबच्या मालकाचं घर रिकामं असताना पाइप फुटला तर तो कुणाच्या लक्षात येईपर्यंत कितीतरी दिवस जाऊ शकतात, म्हणून ही अट इतरांपेक्षा आपल्यालाच जास्त लागू पडते.

घराची खरी अवस्था

फोटोंचा ढीग मागवू नका. फोटो काढणारा जे दाखवायचं तेच दाखवतो. त्याऐवजी एकसंध, न कापलेला व्हिडिओ मागवा. मुख्य दारापासून सुरुवात, प्रत्येक खोलीत शिरल्यावर डाव्या हाताच्या भिंतीपासून पूर्ण फेरी, मग छत, मग जमीन. दर वेळी हाच क्रम ठेवला तर सहा महिन्यांपूर्वीचा आणि आजचा व्हिडिओ शेजारी लावून भिंतीवरचा डाग किती वाढला ते कळतं.

व्हिडिओसोबत काही चाचण्या करून घ्यायच्या. यांना फारसा खर्च नाही, पण जे डोळ्यांना दिसत नाही ते त्या सांगतात.

सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा फोटो घ्या, दोन तासांनी पुन्हा घ्या. आकडा सरकला असेल तर कुठेतरी गळती आहे. बाथरूममधले सगळे नळ एकदम सोडा आणि पाणी किती वेगाने निचरतं ते पाहा. मंद निचरा होत असेल तर पाइप तुंबलाय किंवा त्याला उतार नाही. फरशीवर नाणं आपटत जा; पोकळ आवाज येईल तिथे खालचा मसाला (सिमेंट-वाळूचं मिश्रण) सुटलाय. विजेच्या पेटीत गळती-प्रवाह तोडणारा आरसीसीबी असेल तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो लगेच पडतो का ते बघा. पेटीत आरसीसीबी नसेलच, तर कामांच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर घ्या. माणसांच्या सुरक्षेसाठी 30 मिलिॲम्पिअरचा वापरतात.

जुन्या घरात काही फोडण्याआधी शिसं आणि ॲस्बेस्टॉस यांची तपासणी करून घ्या. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला 1978 मध्ये बंदी आली; ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला 1999 उजाडलं. त्याआधीच्या बांधकामात हे पदार्थ सापडणं अगदी शक्य आहे, आणि रंग घासताना किंवा पत्रा कापताना उडणारी धूळ मजुरांच्या आणि पुढे भाडेकरूच्या मुलांच्या छातीत जाते. इथे काटकसर नको.

माणसं: तीन कामं, तीन वेगळे खिसे

काम करणारा, काम तपासणारा आणि चावी सांभाळणारा ही तीन माणसं वेगवेगळी असावीत. कंत्राटदाराचं काम त्याचाच भाऊ तपासणार असेल तर ती तपासणी नावापुरती राहते. तपासणीसाठी एखादा स्वतंत्र इंजिनिअर किंवा अनुभवी सुपरवायझर भेटीच्या हिशेबाने ठरवा. पूर्ण वेळ त्याची गरज नसते. पाइपची चाचणी, वॉटरप्रूफिंग आणि अंतिम ताबा अशा तीन-चार भेटी पुरतात. त्याची फी मालकाने थेट द्यावी. कंत्राटदाराच्या बिलात ती घातली की त्याची निष्ठा कुठे जाते हे सांगायला नको.

कंत्राटदार निवडताना दरापेक्षा त्याची बोलण्याची पद्धत बघा. तुम्ही लांब असाल तर दिवसातून एकदा नीट निरोप पाठवणारा माणूस थोडा महाग असला तरी परवडतो. सुरुवातीला एखादं छोटं काम द्या, दोन नळ बदलणं किंवा एका खोलीचा रंग. त्यात तो वेळेवर येतो का, न सांगता फोटो पाठवतो का, अडचण आली की लपवतो की कळवतो, हे सगळं दिसतं. मोठं काम सोपवण्याआधी इतकी परीक्षा पुरेशी आहे.

त्याच्या आधीच्या ग्राहकांशी बोलताना "काम चांगलं झालं का" असं विचारू नका; सगळे हो म्हणतात. "काम संपल्यावर काही बिघडलं तेव्हा तो आला का" असं विचारा.

कामाची यादी लिहून

तोंडी ठरलेलं काम लांबून भांडून मिळवता येत नाही. खोलीनिहाय यादी करा आणि प्रत्येक ओळीत काय, किती, कोणत्या साहित्याने हे लिहा. 'बाथरूम दुरुस्त करणे' अशी ओळ कामाची नाही. 'जुनी फरशी काढून मलबा बाहेर नेणे, नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी बाहेर नेणारी जाळीची पेटी) बदलणे, वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पाणी साठवून चाचणी, नवी खरखरीत फरशी, ट्रॅपकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार' अशी ओळ हवी. मलबा कोण नेणार, पाणी-वीज कुणाची, रोज जागा साफ कोण करणार, या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरूनच शेवटी वाद होतात. त्याही यादीत लिहा.

यादीबाहेरचं कोणतंही काम लेखी मंजुरीशिवाय करायचं नाही, ही अट पहिल्याच पानावर असू द्या. मंजुरी मागताना त्याने तीन गोष्टी पाठवायच्या: फोटो, दर आणि त्यामुळे वाढणारे दिवस. वाढणारे दिवस विचारायला बहुतेक जण विसरतात आणि मग भाड्याचा महिना हातचा जातो.

हप्ते

सुरुवातीची उचल 10 ते 15 टक्क्यांच्या वर नेऊ नका. साहित्यासाठी जास्त पैसे हवे असतील तर दुकानाला थेट द्या आणि माल घरी पोचल्याचा फोटो घ्या. पुढचे हप्ते तारखेवर बांधू नका, टप्प्यावर बांधा: पाइपची दाब-चाचणी पास, वॉटरप्रूफिंगची चाचणी पास, फरशी पूर्ण, रंग पूर्ण. शेवटचे 10 टक्के हातात ठेवा आणि त्यातले निम्मे ताब्यानंतर एखाद्या महिन्याने द्या. घर वापरात आल्यावरच नळाची टिपटिप आणि दार घासणं उघड होतं. ही अट आधीच करारात असेल तर कुणाला अपमान वाटत नाही. काम संपल्यावर पैसे अडवले तर वाटतो.

पुरावा पोचला आणि तो योग्य असला की त्याच दिवशी पैसे सोडा. लांबच्या मालकाची पत यावरच उभी राहते. पुढच्या वेळी तुमच्या एका फोनवर मिस्त्री येईल तो याच कारणाने.

बाथरूम: इथे थांबून बघायचं

भाड्याच्या घरात सगळ्यांत जास्त नुकसान पाण्याने होतं, त्यामुळे या खोलीच्या कामाचे टप्पे मालकाला स्वतःला माहीत असावेत.

फोडाफोडी झाली आणि नवे पाइप बसले की प्लास्टरआधी दाब-चाचणी. पाइपांची तोंडं बंद करून पंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब भरतात आणि काही तास तसाच ठेवतात. दाबमापकाचा फोटो सुरुवातीला आणि शेवटी घ्यायचा, दोन्हींत वेळ दिसली पाहिजे. काटा खाली आला तर सांधा गळतोय. चाचणी पास झाली की भिंतीला मोजपट्टी लावून पाइपांचे फोटो काढून ठेवा, जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर. दहा वर्षांनी कुणीतरी आरसा लावायला ड्रिल घेऊन येईल तेव्हा हे फोटो पाइप वाचवतील.

मग वॉटरप्रूफिंग. आधी जमीन आणि भिंत मिळते त्या काटकोनाला मसाल्याची गोलसर पट्टी ('वाटा') भरायची, कारण थर तिथेच चिरतो. पाइप जमिनीतून जिथे वर येतात त्यांच्याभोवती आणि नहाणी ट्रॅपच्या काठावर खास लक्ष द्यावं लागतं. पहिला हात आडवा, दुसरा उभा, म्हणजे एका हातात राहिलेली फट दुसऱ्यात भरते. जमिनीवरून भिंतीवर निदान 15 सेंटिमीटर, आणि शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत थर चढला पाहिजे. दोन हातांना वेगळ्या छटा मिळत असतील तर तशाच घ्या. फोटोत दुसरा हात राहून गेलेला ठिपकासुद्धा दिसतो.

थर वाळला की ट्रॅप बंद करून पाणी साठवायचं, किमान 24 तास, जमलं तर 48. भिंतीवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारायची आणि तिच्यापाशी त्या दिवसाची तारीख लिहायची. दुसऱ्या दिवशी रेघेचा फोटो आणि त्याच वेळी खालच्या छताचा फोटो. पाणी थोडं उडून जातं, तेवढी घट चालते. पण बोटभर खाली गेलं असेल, किंवा छतावर ओल उमटली असेल, तर फरशी बसवू द्यायची नाही. "साहेब, फरशीवाला आलाय, आज बसवली नाही तर आठवडा जाईल" असा फोन नेमका याच वेळी येतो. जाऊ दे आठवडा.

फरशी बसली की बादलीभर पाणी दाराजवळ ओतायला सांगा आणि ते कुठे वळतं त्याचा व्हिडिओ मागवा. पाणी कोपऱ्यात थबकत असेल तर उतार चुकलाय, आणि सांधे भरण्याआधीच ते दुरुस्त करता येतं.

बाकीचा क्रम

फोडाफोडी, गळतीचं मूळ, लपलेले पाइप आणि वायर, चाचण्या, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, फरशी, सुतारकाम, रंग, फिटिंग, सफाई. हा क्रम मोडला की एकाचं काम दुसरा खराब करतो. नव्या सिमेंट प्लास्टरला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं आणि रंग लावण्याआधी ते वाळायला साधारण चार आठवडे द्यावेत. वेळापत्रकात हे दिवस आधीच धरा. ओल्या भिंतीवर घाईने दिलेला रंग फुगतो आणि दोष मात्र रंगाला लागतो.

गीझर आणि एसी यांच्या वायरी स्वतंत्र घ्याव्यात, प्रत्येकीला वेगळा एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा खटका), आणि पेटीवर कोणता एमसीबी कशाचा हे लिहिलेलं असावं. लांबच्या मालकाला फोनवरून भाडेकरूला सांगता आलं पाहिजे की डावीकडून तिसरा खाली करा.

साहित्य निवडताना 'पुन्हा मिळेल का' हा प्रश्न सगळ्यांत वर. सगळ्या खोल्यांना एकच छटा, तिचा कोड लिहून ठेवलेला. सगळे नळ एकाच मॉडेलचे. फरशी गरजेपेक्षा 10 टक्के जास्त घेऊन उरलेली घरातच ठेवा, कारण तोच माल दोन वर्षांनी त्याच छटेत मिळेलच असं नाही. प्रत्येक नळाला, फ्लशला आणि गीझरला स्वतंत्र बंद करायचा कॉक हवा. तो नसला तर एका टिपटिपीसाठी अख्ख्या घराचं पाणी तोडावं लागतं.

भाडेकरू घरात येताना

ताबा देताना मीटरचे आकडे, चाव्यांची संख्या, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ आणि वस्तूंची यादी दोघांच्या सहीने पक्की करा. अनामतीवरून होणारे बहुतेक वाद यामुळे सुरूच होत नाहीत. कामगारांकडे असलेल्या चाव्यांचं कुलूप बदला. कोडचं कुलूप असेल तर कोड बदला. धुराचे अलार्म वाजवून बघा, त्यांच्या मागे छापलेली तारीख वाचा आणि दहा वर्षं उलटली असतील तर नवे बसवा.

मग एक छोटा व्हिडिओ भाडेकरूसाठी करा: पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, तो कसा फिरवायचा, विजेचा मुख्य खटका कुठला. पाइप फुटल्यावर प्लंबर यायला दोन तास लागतील, पण कॉक माहीत असलेला भाडेकरू पाणी दोन मिनिटांत थांबवतो.

तक्रारींच्या वेळा लेखी ठरवा. पाणी वाहतंय, वीज गेलीय, गॅसचा वास येतोय, दाराचं कुलूप मोडलंय, अशा वेळी काही तासांत माणूस पोचला पाहिजे. गॅसचा वास आला तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, फोन नंतर, हेही लिहा. गीझर किंवा फ्लश बंद असेल तर एक-दोन दिवस. कपाटाची बिजागरी वगैरे आठवड्यात. भाडेकरूला लहान गळती कळवायला संकोच वाटू नये. कळवणाऱ्याचे आभार माना. तो तुमचं घर वाचवतोय. तो घरात राहतो, आपण राहत नाही, म्हणून त्याचं घरपण जपणं हीच आपली सगळ्यांत स्वस्त देखभाल आहे. घरात कॅमेरे लावायचे नाहीत, आधी न कळवता कुणाला तपासणीला पाठवायचं नाही. सहा महिन्यांतून एकदा, त्याच्या सोयीच्या वेळी एक फेरी पुरते. भाडेकरूला काढण्याचे, भाडं वाढवण्याचे आणि अनामत परत करण्याचे नियम घर जिथे आहे तिथले लागू होतात, आपण राहतो तिथले नाहीत. करार तिथल्याच वकिलाकडून तपासून घ्या.

मॅनेजर ठेवत असाल तर

टक्केवारी जमा झालेल्या भाड्यावर ठरवा. येणं असलेल्या भाड्यावर ठरवली तर भाडं थकलं तरी त्याचा मोबदला चालू राहतो. नवा भाडेकरू आणण्याची वेगळी फी, कराराच्या नूतनीकरणाची फी, दुरुस्तीच्या बिलावर त्याची भर हे सगळं करारात उघड असावं. किती रकमेपर्यंतची दुरुस्ती तो न विचारता करू शकतो ती मर्यादा आकड्यात लिहा. तातडीच्या कामासाठी वेगळी मर्यादा द्या, नाहीतर पाणी वाहत असताना तो तुमच्या होकाराची वाट बघत बसेल.

महिन्याच्या हिशेबात मूळ बिलं हवीत, नुसती बेरीज नाही. प्रत्येक बिलासोबत कामाआधीचा आणि नंतरचा फोटो. तोच नळ वर्षात तीनदा दुरुस्त झाला असेल तर मूळ दोष कुठेतरी वेगळा आहे, ते विचारा. अनामत कुणाच्या खात्यात आहे आणि करार संपवताना चाव्या, कागद, भाडेकरूचे तपशील किती दिवसांत परत मिळतील, हेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

स्वतः कधी जावं

अनेक मालक कामाच्या मुहूर्ताला जातात आणि एकदम शेवटी रंग झाल्यावर जातात. मी उलट सुचवेन. एकच खेप परवडत असेल तर ती पाइप उघडे असताना आणि बाथरूममध्ये पाणी साठवलेलं असताना करा. पाइपची चाचणी आणि वॉटरप्रूफिंगची चाचणी यांत काही दिवसांचं अंतर असतं, पण एका बाथरूमचं पाणी साठवलेलं असताना दुसऱ्याचे पाइप उघडे राहतील असं वेळापत्रक कंत्राटदाराशी बोलून बसवता येतं. जाताना मोजपट्टी आणि टॉर्च न्या, खालच्या घराचं दार वाजवा, त्यांच्या छताखाली उभं राहून वर बघा आणि पुढे कधीही ओल दिसली तर थेट कळवा म्हणून आपला नंबर त्यांच्याकडे ठेवून या.